बारीक रेडिएटर

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की माझ्यासमोर कोणी शिंकलं तरी मी पुरावा मागेन. त्यात फार काही खोटं नाही. मी एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासते. कोणाचं छप्पर खरंच वादळात उडालं आणि कोणाचं आधीपासूनच गळत होतं, हे शोधायचा मला पगार मिळतो. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन एकदम भोळा होत नाही. नवरा मात्र जन्मजात भोळा. फोनवर कोणी ‘सर, तुम्हाला बक्षीस लागलंय’ म्हटलं तर हा आधी त्याला ‘थँक यू’ म्हणतो. त्यामुळे खालच्या बाथरूममधला रेडिएटर बदलायचं ठरलं तेव्हा प्लंबर शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

आमचं घर इकडे परदेशात, एडिसन गावापासून जरा लांब, जुन्या वस्तीत आहे. तळघरात बॉयलर आहे. त्याची वाफ पाइपांतून वर येते आणि खोल्याखोल्यांतले लोखंडी रेडिएटर तापवते. वरच्या मजल्यावर त्यांची काही अडचण होत नाही. पण खाली आईच्या खोलीला लागून जी बाथरूम आहे, ती इतकी लहान, की आत वळायचं तर आधी ठरवून वळावं लागतं. आणि तिथे खिडकीखाली हा रेडिएटर ऐसपैस बसलेला, कमरेएवढा उंच, सगळ्या बरगड्या बाहेर काढून. कमोड, बेसिन आणि शॉवर उरलेल्या जागेत अंग चोरून उभे.

बाबा गेल्यावर आई नागपूरहून आमच्याकडे आली. मी एकुलती एक. नागपूरला तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दार वाजवून ‘जेवलात का’ विचारणारं आता कोणी उरलेलं नाही. तिचे गुडघे पार गेलेत. आंघोळ बसूनच करायची, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून आम्ही हात असलेली, रबरी पायांची खुर्ची आणली. ती रेडिएटरला अडायची आणि शॉवरमध्ये नीट सरकायचीच नाही. आई तशीच तिरकी बसून बादलीतलं पाणी तांब्याने अंगावर घ्यायची.

एकदा पोळी वाढताना तिचा तळहात मला दिसला.

“हे काय झालं?”

“तवा लागला.”

मी हात धरून उजेडात नेला. तळहातावर भाजल्याचे समांतर पट्टे होते. तव्याला पट्टे नसतात.

“उठताना तोल गेला तं धरलं त्याला,” आई म्हणाली. “एवढं काय त्यात?”

त्या दिवशी मी नवऱ्याला सांगून त्या बाथरूमच्या दाराचं लॉक काढून टाकलं. रेडिएटर बदलायचं ठरलं तेही तेव्हाच. भिंतीला चिकटून बसणारा, बारीक अंगाचा, वाफेवर चालणारा नवा मिळतो, असं कळलं. तो लावला की खुर्ची आत जाईल, धरायला भिंतीवर दांडा येईल आणि आई इथे सुखाने राहील, असं माझं साधं गणित होतं.

आईला ते अजिबात पटलं नाही.

“राहू द्या न तो,” ती म्हणाली. “मी उन्हाळ्यात जाऊनच राहिली नागपूरला. चार दिवसांसाठी काहून घर फोडता?”

ती नागपूरला जाणार हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिसरा मजला, ते गुडघे, आणि बाथरूममध्ये पडली तर दार फोडायलासुद्धा कोणी नाही. मी तिला समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. ती फक्त म्हणाली, “पाहू.” आईचं ‘पाहू’ म्हणजे ‘नाही’. ती शाळेत शिक्षिका होती आणि सुट्टी मागणाऱ्या पोरांना हेच उत्तर द्यायची.

तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. ज्याने हात भाजला त्याच रेडिएटरची बाजू ही बाई का घेते? काहीतरी पाणी मुरत होतं. दर रविवारी आमच्यातलीच काही कुटुंबं कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमतात. आई आल्यापासून वंदना तीच सांगायची, स्वच्छ, वर्गात म्हणावी तशी, आणि पांढरी साडी शनिवारीच काढून ठेवायची. ती आताशा म्हणायला लागली, “तुम्ही जा. मला गाडीत नाही बसवत इतका वेळ.” साडी कपाटातून बाहेर आली नाही. दुपारनंतरचा चहा तिने सोडला. पाण्याचा ग्लास अर्धा ठेवून उठायची. किराण्याच्या यादीत मला एकदा कपडे धुवायच्या साबणाची वडी सांगितली. घरात वॉशिंग मशीन असताना वडी कशाला, तर म्हणे हात धुवायला बरी. मी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून ती आणून दिली, पण मनात पाल चुकचुकलीच.

मी सगळं जोडून पाहिलं आणि निष्कर्ष काढला. आई इथून मन काढून घेत होती. लोकांत जाणं बंद, चहा बंद, आपला साबण वेगळा. जाणारा माणूस असाच एकेक धागा सोडवत जातो. माझं मन फार खट्टू झालं, आणि खट्टू झालं की मी जास्तच तपास करते.

त्यात भर म्हणून एक दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी मला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. “हो आई, बघतो ना तिकिटाचं.” मी आत गेले तशी दोघंही गप्प. आई लसूण सोलायला लागली आणि नवऱ्याने फ्रिज उघडून उगाच आत पाहिलं. म्हणजे हाही सामील होता. मीही लसूण सोलायला बसले. कच्चा पुरावा आधी दाखवायचा नसतो.

प्लंबर आला तो बोलका, रुबाबदार, आपल्या कामावर बेहद्द खूश असलेला माणूस. जुनी घरं म्हणजे आपला हातखंडा, असं त्याने बूट पुसता पुसता सांगितलं. असं सांगणारी माणसं मला ऑफिसात रोज भेटतात. मी जवळच खुर्ची टाकून बसले आणि तो काय करतो ते पाहत राहिले. जुना रेडिएटर त्याने आणि नवऱ्याने मिळून उचलला. ते धूड गेल्यावर ती बाथरूम मला ओळखूच येईना. खिडकीखाली एवढी भिंत आहे हे आजवर दिसलंच नव्हतं. नवा खरंच बारीक होता, भिंतीला लागून पातळ, वर बोट ठेवायलाही काठ नाही. आई दारात येऊन पाहून गेली. “छान आहे,” म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. तेही मी मनात टिपून ठेवलं.

मी मोबाईलमधलं लेव्हल दाखवणारं अॅप उघडून नव्या रेडिएटरला टेकवून धरलं. तो तिरका होता.

“हा सरळ नाहीये,” मी प्लंबरला म्हटलं.

“सरळ नसावाच,” तो इंग्रजीत म्हणाला. “ज्या पाइपातून वाफ येते त्याच पाइपातून तिचं पाणी परत जातं. उतार नसेल तर ते जाणार कुठे?”

काम वाकडं झालं की कारण सरळ द्यायचं, हेही मला नवीन नव्हतं. मी घरभरच्या रेडिएटरांवर मोबाईल ठेवून आले. सगळे थोडे थोडे तिरके होते. मग मी त्याच्या कामाच्या कागदावर सही केली.

खुर्ची आत गेली आणि दांडा लागला. आईची आंघोळ आता नीट बसून, पाय पसरून व्हायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

आणि मग आवाज सुरू झाला. ठण्, ठण्, ठठण्. तळघरात कोणी हातोडा घेऊन पाइपावर राग काढतंय असा. आधी एका सकाळी, मग एकाआड एक दिवस, मग केव्हाही. नवा रेडिएटर खालच्या कोपऱ्यातून गरम पाणी थुंकायलाही लागला. “तरी मी म्हणत होते,” असं मी नवऱ्याला ऐकवलं आणि प्लंबरला परत बोलावलं.

तो आला, वाकला आणि रेडिएटरच्या पायाशी असलेला व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. छोट्या चाकासारखी मूठ असलेली ती गोष्ट. मग तो उभा राहून म्हणाला, “कोणीतरी हा अर्धवट बंद केलाय.”

“इथे कोणी हात लावत नाही,” मी म्हटलं.

“मॅडम, हा नळ नाही. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. मधलं काही नसतं. मध्ये ठेवला की वाफ आत जाते, पाणी बाहेर येत नाही, आणि मग दोघं आत मारामारी करतात.”

नवरा मान डोलावत होता. माझ्या मते ही सरळ सरळ जबाबदारी झटकणं होती. काम आपलं बिघडलं की गिऱ्हाइकाने हात लावला म्हणायचं! पण त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि आवाज थांबला. तो गेला, आणि दोन दिवसांत पुन्हा ठण् ठण्.

आता मात्र मी कामाला लागले. लाल नेलपॉलिशचा एक ठिपका व्हॉल्व्हच्या मुठीवर लावला आणि बरोबर त्याच्यासमोर दुसरा पाइपावर. मूठ हलली तर ठिपके सांगतील. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या पाहिलं. ठिपके एकमेकांपासून दूर गेले होते. प्लंबर खरं बोलत होता. म्हणजे चोर घरातच होता.

मी नवऱ्याला धरलं. थर्मोस्टॅट गुपचूप खाली करायची त्याला सवय आहे, हिवाळाभर आमचा त्यावरून वाद असतो.

“तूच करतोस ना हे?”

“अगं, मी त्या बाथरूममध्ये जातच नाही, यार.”

“का जात नाहीस?”

“आईंची आहे म्हणून! आता न जाण्याचाही पुरावा देऊ का?”

मग मी आईला विचारलं, केवळ नियम म्हणून. तिला वाकता येत नाही, त्यामुळे संशय असा नव्हताच.

“आई, रेडिएटरचा व्हॉल्व्ह तू बंद केलास का?”

“नाही बाई,” ती म्हणाली. “मी काहून बंद करू?”

माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला आणि नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला.

त्यानंतर एका दुपारी मीटिंग कॅन्सल झाली आणि मी लवकर घरी आले. दार उघडलं तोच पाइप ठणठणायला लागला. नवरा त्याच्या ऑफिसात होता. मी बूट काढले, पर्स ठेवली आणि पावलं न वाजवता आईच्या खोलीतून बाथरूमपर्यंत गेले. आज चोर पकडायचाच होता. लॉक नव्हतंच. मी दार ढकललं.

आई आंघोळीच्या खुर्चीवर बसली होती, पण शॉवरमध्ये नाही. खुर्ची बाहेर ओढून तिने रेडिएटरसमोर लावली होती, आम्ही एवढ्या खटपटीने मोकळ्या केलेल्या त्या जागेत. साडी, पदर सगळं जागच्या जागी. दोन्ही हात पुढे करून तिने एक ओला परकर रेडिएटरसमोर ताणून धरला होता. मांडीवर पिळलेल्या घड्या होत्या, जुन्या सुती साडीचे फाडून शिवलेले चौकोन. बेसिनवर ती साबणाची वडी होती. पायाशी चालायची काठी आडवी पडलेली, आणि काठीचा वाकडा दांडा व्हॉल्व्हच्या मुठीत अडकवलेला. वाकता येत नव्हतं, तर तिने काठीने मूठ फिरवली होती.

मला एका क्षणात सगळं कळलं. तिला लघवी धरवत नव्हती. अर्धा ग्लास पाणी, बंद झालेला चहा, गाडीतला वेळ, कपाटातली पांढरी साडी. जुन्या रेडिएटरचं रुंद डोकं. त्यावर ती हे सगळं पसरून ठेवत होती आणि आम्ही यायच्या आत घडी करून उचलत होती. नव्याला काठच नव्हता. मग ती हातात धरून बसत होती.

“तू तर म्हणालीस बंद केला नाही,” माझ्या तोंडून हेच निघालं.

“बंद कुठं केला?” आई म्हणाली. “बारीक केला फक्त. पूर्ण असला तं बोटं पोळतात.”

बारीक! गॅस बारीक, पंखा बारीक, रेडिओ बारीक. आमच्या घरात कुठलीही गोष्ट ‘बंद’ होण्याआधी ‘बारीक’ होते, आणि त्या प्लंबरच्या व्हॉल्व्हला नेमकं तेवढंच माहीत नव्हतं. मी प्रश्न चुकीचा विचारला होता, आणि तिने उत्तर अगदी खरं दिलं होतं.

मला प्रचंड राग आला, आणि रडूही आलं. “मशीन आहे ना आई घरात! मला एका शब्दाने सांगायचं होतंस.”

“जावयाच्या कपड्यांत माझे हे कसे टाकू?” ती म्हणाली. अजून परकर खाली ठेवला नव्हता. “लेकीच्या घरी राहतो हेच पुष्कळ आहे. त्यात हे. त्यांना कळलं तं मी त्यांच्यासमोर जेवायला कशी बसू, सांग? तिकडं कोणाला दिसते? मी आन माझं घर. म्हणून जातो म्हटलं.”

पाइप आत धडधडत होता. मी खाली बसले, काठी बाजूला केली आणि ठिपका ठिपक्यासमोर येईपर्यंत मूठ फिरवली. मग आईच्या हातातून परकराची एक बाजू घेतली. तिचा खांदा सैल पडलेला मला दिसला. आम्ही दोघी तो धरून बसलो. थोड्या वेळाने आवाज थांबला.

“करपेल,” आई म्हणाली.

“करपू दे.”

डॉक्टरांकडे जायचं मी तिच्याकडून तिथेच कबूल करून घेतलं. यावर औषध असतं, व्यायाम असतो, आणि हे कित्येक बायकांना होतं, असं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती. बदल्यात तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं, जावईबापूंना यातलं काही सांगायचं नाही. मी दिलं. परत जाण्याबद्दल मात्र ती ‘पाहू’च म्हणाली.

मी वचन पाळलं. नवऱ्याला फक्त एवढं सांगितलं, की आवाजाचा विषय संपला, व्हॉल्व्ह आता पूर्ण उघडा राहील. त्याने “बरं” म्हटलं. कसा, कोणी, का, काहीच विचारलं नाही. इतकं न विचारणं भोळ्या माणसालाही शोभत नाही, असं मला वाटून गेलं.

पुढच्या शनिवारी तो कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड घेऊन आला आणि थेट आईच्या खोलीत, खिडकीजवळ उभा केला.

“आई, तुमची थोडी जागा घेतो हं,” तो म्हणाला. “ड्रायरमध्ये माझे बनियन आखडतात. इथे ऊन चांगलं येतं.”

आणि त्याने खरोखरच आपले ओले बनियन आणि चड्ड्या त्याच्यावर ओळीने टाकल्या, अर्धे दांडे मोकळे सोडून. आई पाहतच राहिली. तो शीळ घालत निघून गेला. तिने आधी त्याचे वाकडेतिकडे टाकलेले बनियन झटकून सरळ केले. संध्याकाळी मी पाहिलं, तेव्हा मोकळ्या दांड्यांवर तिचा परकर आणि ते चौकोन होते.

मी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. त्याचे बनियन आजवर कधी आखडले नव्हते. त्याला ठाऊक होतं का? कधीपासून? प्रश्न अगदी जिभेवर आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो गिळला. पण दुसरा काही मला गिळवेना.

“आईचं तिकीट कधीचं काढलंस?” मी विचारलं.

“कुठलं तिकीट?”

“सोंग घेऊ नकोस. मी ऐकलंय. ‘हो आई, बघतो तिकिटाचं.’”

“अच्छा, ते!” तो हसला. “काढलंच नाही. त्या विचारायच्या तेव्हा सांगायचो, आज वेबसाइट डाउन आहे.”

“इतके दिवस? आणि तिला ते खरं वाटलं?”

“त्या काय तुझ्यासारख्या आहेत का, यार? माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.”

मी आईच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. ती खुर्चीत बसून त्याच्या बनियनांच्या घड्या घालत होती, आणि शेजारी कपभर चहा होता. या बाईने उभा जन्म शाळेत काढला. आजी वारली, कुत्र्याने वही खाल्ली, पोट दुखतं, असल्या सगळ्या सबबी तिने ऐकून, ओळखून परत पाठवल्या. तिला वेबसाइट रोज डाउन असते हे खरं वाटलं असेल?

मला संशय आहे.